नेपाळला शाळा बांधायला जायचंय? आधी इथं चार दिवस घमेली उचला

मंडळाच्या पोरांचे मेसेज येत असतात, "दादा तुम्ही नेपाळला शाळेच्या कामाला गेलता न्हवं, आमाला पण जायचंय, काय काय लागतं सांगा की." प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. आम्ही अकराजण गेलेलो, गोरखा जिल्ह्यात डोंगरावरच्या एका गावात, दोन खोल्यांची शाळा, सतरा दिवस.

पहिली गोष्ट, तुम्हाला कुणी बोलावलंय का? हसू नका, खरंच विचारतोय. आपल्या कोल्हापूरचा २०१९ चा पूर आठवा, शिरोळात, चिखलीत, आंबेवाडीत मदतीचे ट्रक यायचे आणि त्यातनं जुन्या कपड्यांचे ढीग उतरायचे, ते पुढं कितीतरी दिवस रस्त्याकडेला भिजत पडले. आणि काही माणसं आली ती आधी फोन करून, "काय लागतंय?" विचारून, आणि येताना खराटे आणि पाण्याच्या मोटरी घेऊन आली. आपण त्या दुसऱ्या गटात बसायचं. म्हणजे तिथल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीशी किंवा मुख्याध्यापकांशी थेट बोलायचं, नकाशा मंजूर आहे का, इंजिनियर कोण, मिस्त्री कोण, आपण गेलो नाही तर काम थांबणार आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नव्वद टक्के वेळा "नाही" असंच येईल आणि त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, फक्त आपण कोण म्हणून चाललोय ते त्यातनं कळतं. बिगारी म्हणून.

मग पैसे. आमच्या तालमीतल्या एका वस्तादांनी तोंडावर विचारलं, "अकरा जणांच्या भाड्यात तिथं किती गवंडी लागतील रे?" हिशेब केला तर गप्प बसायची पाळी आली. तेव्हापासनं आमचा नियम, प्रवासाला जेवढा खर्च तेवढीच रक्कम वर्गणीतनं मटेरियलसाठी आधी उभी करायची, ती नसंल तर तिकीटं काढायची नाहीत. आणि सिमेंट, सळई, पत्रा सगळं तिथल्याच दुकानातनं घ्यायचं. इथल्या उद्यमनगरातनं स्वस्त पडतंय म्हणून अवजारांची पेटी भरून नेली तर बॉर्डरवर भन्साराला (तिकडं कस्टमला भन्सार म्हणतात) उत्तरं देत बसाल. आणि जी कामं गावातल्या लोकांना मजुरीवर मिळणार आहेत ती फुकट करून त्यांची हजेरी बुडवायची नाही, हे समितीशी आधीच बोलून घ्यायचं.

आता टायटलमधलं. जायच्या आधी दोन शनिवार-रविवार ओळखीच्या गवंड्याच्या हाताखाली काढा, हे मी अगदी हात जोडून सांगतो. जिम मारलेली पोरं पहिल्या दिवशी ५० किलोचं पोतं एकट्यानं खांद्यावर घेतात आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसतात, डोंगरावर तर विचारूच नका. वाळू चाळणं, विटा भिजवणं, माल कालवणं, घमेली पास करणं, झालेल्या बांधकामावर पाणी मारणं, ही कामं आली की बास. ओळंबा आणि थापीला हात लावायचा नाही, ते मिस्त्रीचं. धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र घेऊन जा, गंजका खिळा घुसायला देश बघत नाही.

तिथं बांधकाम एवढं जपून का करतात तेही डोक्यात ठेवा. २५ एप्रिल २०१५ ला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, केंद्र याच गोरखा जिल्ह्यात, वेळ दुपारी बाराच्या आसपास. शनिवार होता, आणि नेपाळात शनिवारी सुट्टी असते. हजारो वर्गखोल्या पडल्या आणि त्या रिकाम्या होत्या. गावातली माणसं हे सांगताना मधेच थांबतात.

म्हणून तिथं दगडी भिंत असली तरी खिडकीखाली, लिंटेलला (दार-खिडकीच्या वर) आणि वर छताखाली आडवे पट्टे येतात, आणि भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठराविक अंतरावर घालतात, नाहीतर हादरा बसला की भिंतीचा बाहेरचा आणि आतला थर सुटा होतो. आम्हाला रिंगा (उभ्या-आडव्या सळयांना बाहेरनं वेढणाऱ्या बारीक सळईच्या कड्या) वाकवायला दिल्या होत्या. आमच्यात एक सिव्हिल डिप्लोमावाला, मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना शिकवत होता, टोक काटकोनात वाकवलं की झालं. साठ-सत्तर रिंगा झाल्या. म्हातारे मिस्त्री आले, एक रिंग उचलली, काहीच बोलले नाहीत. माझं मनगट धरलं, तर्जनी काटकोनात वाकवून त्यात अडकवली आणि ओढली, बोट सुटलं. मग बोट पूर्ण आत मुडपून परत ओढलं, हात हलला पण बोट काय सुटेना. १३५ अंशाचा हूक असा शिकलो. डिप्लोमावाला भाऊ सगळ्या रिंगा परत वाकवेपर्यंत एक अक्षर बोलला नाही, आम्हाला तेवढीच शांतता.

कागदपत्रांचं थोडक्यात: व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदान कार्ड ओरिजिनल पाहिजे, आधारवर विसंबून जाऊ नका आणि निघायच्या आधी नियम एकदा परत बघा. आम्ही मुंबईहून रेल्वेनं गोरखपूर, तिथनं बसनं सोनौली, बॉर्डर चालत पार आणि पलीकडं भैरहवातनं बस. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करायचं. आपला एक रुपया म्हणजे त्यांचा १ रुपया ६० पैसे, दुकानदारानं भाव सांगितला की "आयसी का एनसी" ते विचारा, म्हणजे भारतीय का नेपाळी. आम्ही नोटा शंभराच्याच ठेवलेल्या. पावत्यांवर तारीख विक्रम संवताची असते, आपल्यापेक्षा ५६-५७ वर्षं पुढची, आमचा खजिनदार पहिल्या दिवशी चक्रावला होता. पाट्या देवनागरीत, त्यामुळं वाचता येतं, समजतंच असं नाही. मिस्त्रीला "दाजू" (म्हणजे दादा) म्हणा, काम हलकं होतं. पावसाळा सोडा आणि दसैं-तिहारही (त्यांचा दसरा-दिवाळी) सोडा, तेव्हा सगळे आपापल्या घरी असतात.

जेवण दोन्ही वेळ डाळ-भात. घरची चटणी डबाभर न्या, आम्ही नेलेली चौथ्या दिवशी गावातल्या दिदींनी संपवली, मग रोज "उद्या आहे का?"

पोरांचे फोटो मास्तरांना विचारल्याशिवाय काढू नका. पुढच्या वर्षी परत येतो, कॉम्प्युटर आणतो असलं काही बोलू नका, लहान पोरं लक्षात ठेवतात. मंडळाच्या नावाची फरशी बसवायचा मोह आम्हाला पण झाला होता, नाही बसवली.

आणि वर्गणीतले थोडे पैसे मागं ठेवा. आम्ही आलो आणि पहिल्या पावसात मास्तरांचा फोन, पत्र्याच्या एका कोपऱ्यातनं पाणी येतंय. तो कोपरा आमच्याच पोरांनी धरलेला, जे-हुकाला (पत्रा आवळायचा वाकडा बोल्ट) डांबरी वॉशर घालायचं चार ठिकाणी राहिलं होतं. मिस्त्रीनं अर्ध्या तासात बसवलं, मजुरी आम्ही पाठवली.