नागपूर स्वस्तात होतं, फक्त या चुका टाळा

मी नागपूरचा. वर्षातून दोन-तीन कुटुंबं तरी आमच्याकडे "शनिवार-रविवार जोडून येतो" म्हणून येतात. परत जाताना हिशोब मांडला की दरवेळी एकच गोष्ट दिसते: बघण्यावर जवळजवळ काहीच खर्च झालेला नसतो. दीक्षाभूमी, झिरो माइल, फुटाळा तलावाचा काठ, रामटेकचं राम मंदिर, यांतल्या कशालाच तिकीट नाही. पैसे गेलेले असतात चुकीच्या तारखेत, चुकीच्या जागी घेतलेल्या खोलीत आणि ऑटोत. म्हणून काटकसर करायची तर ती घरून निघण्याआधी करावी लागते. इथे येऊन पोह्याच्या प्लेटमध्ये दहा रुपये वाचवून काही होत नाही.

तारीख न बघता येणं

सगळ्यात महाग चूक हीच. डिसेंबरात हवा छान असते म्हणून लोक डिसेंबर धरतात, आणि नेमकं तेव्हाच विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. 1953च्या नागपूर करारापासून चालत आलेली ही गोष्ट. आम्हाला सवय झाली, पाहुण्यांना नसते. त्या दिवसांत मंत्री, आमदार, अधिकारी, पत्रकार, मोर्चेकरी असे सगळे एकाच वेळी शहरात उतरतात. खोल्यांचे भाव चढतात आणि विधानभवन, झिरो माइल, बर्डी (म्हणजे सीताबर्डी) हा तुम्हाला पायी फिरायचा सगळा भागच बॅरिकेडमध्ये जातो. माझ्या मावसभावाला लॉजवाल्याने फोनवर एक भाव सांगितला आणि दारात दुसरा. तो तणतणत मला म्हणाला, "हे काय रे?" मी म्हटलं, "अधिवेशन आहे ना बे, काहून नाही विचारलं आधी?" तेव्हापासून माझा नियम साधा: अधिवेशनाची तारीख जाहीर झाल्यावरच डिसेंबरचं तिकीट. नाहीतर सरळ जानेवारी किंवा फेब्रुवारी.

दसऱ्याचंही तसंच. 14 ऑक्टोबर 1956ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली तो दिवस अशोक विजयादशमीचा होता, म्हणून दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. त्या सोहळ्यासाठीच येणार असाल तर जरूर या, तो अनुभव दुसरीकडे नाही. पण "सुट्टी आहे, जरा शहर बघू" एवढाच बेत असेल तर तो आठवडा सोडा. जामठ्याला क्रिकेटचा सामना असला तरी खोल्या महागतात, आणि मैदान तर शहराबाहेर वर्धा रोडवर आहे.

उलट एक तारीख मी मुद्दाम सुचवतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत. काळी आणि पिवळी मारबत, सोबत बडगे, म्हणजे मिरवणुकीतले मोठे पुतळे, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत"च्या आरोळ्या. 1880च्या दशकापासून चालत आलेली ही मिरवणूक जुन्या नागपुरात निघते आणि ती बघायला एक पैसा लागत नाही. पाऊस आलाच तर छत्री.

मे महिना? या, पण सकाळी दहाच्या आत फिरून घ्या आणि संध्याकाळी सहानंतर पुन्हा निघा. पारा 45च्या घरात असतो, नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागला की बघायलाच नको. मे महिन्यात खोलीचा भाव पडलेला असतो हे खरं. इथे आणखी एक बारकावा आहे: एसी परवडत नसेल तर घाबरू नका, कोरड्या उन्हाळ्यात चांगल्या खसच्या ताट्यांचा कूलर नागपुरात झकास चालतो. फक्त कूलरमध्ये पाणी कोण भरतं ते आधी विचारून ठेवा. जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की तोच कूलर नुसता ओला वारा फेकतो. तेव्हा कूलरच्या खोलीत पैसे घालू नका. आणि हिवाळ्यात गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळतं ते विचारा. कित्येक ठिकाणी सकाळचे ठरावीक तासच असतात आणि नागपूरची पहाट तेव्हा चांगलीच कुडकुडवते.

तिकीट: फक्त ठरावीक गाड्या शोधणं

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. मुंबई-पुण्याची मंडळी दुरंतो, विदर्भ, गरीबरथ एवढीच नावं बघतात, वेटिंग दिसलं की हताश होतात आणि ट्रॅव्हल्सला फोन लावतात. सणासुदीला ट्रॅव्हल्सचं भाडं किती होतं ते सांगायला नको. नागपूर हे देशाच्या मधलं जंक्शन आहे. हावड्याकडे जाणाऱ्या गाड्याही इथे थांबतात: मुंबईहून गीतांजली, पुण्याहून आझाद हिंद. त्यातही बघा. शिवाय काही गाड्या नागपूरला न थांबता अजनीला संपतात. शोधताना तेही नाव टाका.

रविवार रात्रीचं परतीचं तिकीट जाण्याच्या तिकिटापेक्षा आधी संपतं. परतीचं आरक्षण ज्या दिवशी उघडतं त्या दिवशीच ते काढा, "जाण्याचं तर मिळालं" म्हणून निवांत बसू नका. तत्काळवर विसंबणाऱ्यांसाठी: एसीची खिडकी आदल्या दिवशी सकाळी 10 वाजता, बिगर-एसीची 11 वाजता. ऑनलाइन काढायचं तर खात्याला आधार जोडलेलं हवं. ते काम दहा वाजून दोन मिनिटांनी करायला बसू नका. आणि पक्कं झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर परतावा मिळत नाही.

गाडी सहाला, खोली बाराला

पश्चिमेकडून रात्री सुटलेल्या गाड्या सकाळी पोहोचतात. लॉज म्हणतं चेक-इन दुपारी बाराला. मग लोक अर्ध्या दिवसाचे जादा पैसे देतात. दोन उपाय: खोली ठरवतानाच "चोवीस तास चेक-इन आहे का" विचारा, स्टेशनजवळच्या बऱ्याच लॉजमध्ये असतं. नाहीतर स्टेशनच्या प्रतीक्षालयात अंघोळ-तोंड उरका, बॅगेला कुलूप लावून ती क्लोकरूममध्ये टाका आणि तसेच तर्री पोहे, म्हणजे वर तिखट रस्सा घातलेले पोहे, खायला निघा. क्लोकरूमला तिकीट दाखवावं लागतं, आणि कुलूप नसलेली बॅग ते घेत नाहीत. रेल्वेच्या विश्रामकक्षाचं आरक्षणही पीएनआर टाकून ऑनलाइन होतं.

खोली वर्धा रोडला, फिरणं बर्डीला

मोबाइलवर स्वस्त दिसतं म्हणून लोक विमानतळाच्याही पलीकडे खोली घेतात. रोज तिथून बर्डीला येण्या-जाण्याचं ऑटोभाडं धरलं की स्वस्ताई संपते. दोन दिवसांसाठी बर्डी, गणेशपेठ किंवा सेंट्रल अॅव्हेन्यू धरा. स्टेशन, एसटी स्टँड आणि मेट्रो, तिन्ही हाताशी. लांबची खोली घ्यायचीच असेल तर किमान मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल अशी घ्या.

मेट्रोचं गणित सोपं आहे. दोनच मार्ग: नारंगी, ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी; आणि अॅक्वा, प्रजापती नगर ते लोकमान्य नगर. दोन्ही सीताबर्डीला एकमेकांना भेटतात. नागपूर रेल्वे स्टेशनला अॅक्वा मार्गावर स्वतःचं स्थानक आहे, दीक्षाभूमीसाठी नारंगी मार्गावर रहाटे कॉलनीला उतरायचं आणि थोडं चालायचं. रस्त्यात कुणाला "सीताबर्डी" विचारत बसू नका, "बर्डी" म्हणा.

ऑटोबद्दल माझा अंदाज असा: चौघं असाल आणि अंतर कमी असेल तर ऑटो, दोघं असाल तर मेट्रो. बसण्याआधी भाडं ठरवा, मीटर पडेल अशी आशा ठेवू नका. "घ्या ना जी, समजून द्या" असं कुणी म्हणालं की उतरताना नक्की वाद होणार. आकडा आधीच वदवून घ्या.

बंद दारापुढे उभं राहणं

यात मी स्वतःही सापडलोय. बहिणीच्या मुलांना "सीताबर्डीचा किल्ला दाखवतो" म्हणून भर रविवारी घेऊन गेलो आणि फाटकावरून परत आलो. 1817 साली भोसले आणि इंग्रज जिथे लढले तो हा किल्ला आज सैन्याकडे आहे; सर्वसामान्यांना 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशी आत सोडतात. इतकी वर्षं इथे राहून मला ते आठवलं नाही, पाहुण्याला कुठून आठवणार?

अजब बंगला, म्हणजे 1863पासूनचं मध्यवर्ती संग्रहालय, आणि महाराजबाग सोमवारी बंद. म्हणून तीन दिवसांची सुट्टी असेल तर सोमवार गावाबाहेरच्या बेताला ठेवा. फुटाळ्याच्या संगीत कारंज्यावर संध्याकाळ टांगू नका. ते चालू आहे का ते इथल्या कुणाला विचारून जा. नसलं तरी तळ्याच्या काठावर मक्याचं कणीस खात बसायला काय हरकत आहे?

"ताडोबाही करू ना"

नको. दोन दिवसांत आणि तंग खिशात तर नकोच. जिप्सी, गाइड, प्रवेश, शिवाय तिथवरची गाडी. एका जिप्सीत सहा जण बसतात, त्यामुळे दोघंच असाल तर सगळा भार दोघांवर. मंगळवारी ताडोबा बंद, पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद. वाघासाठी वेगळी सहल काढा आणि सहा जण जमवून काढा.

एक दिवस बाहेर काढायचाच असेल तर रामटेक, साधारण 50 किलोमीटर. एसटीने जा, महिलांना अर्धं तिकीट, 75च्या वरच्यांना मोफत, म्हणजे आई आणि पंच्याहत्तरीपुढची आजी सोबत असल्या तर दोघींचं मिळून अर्धंच तिकीट पडतं. आधारकार्ड मात्र जवळ ठेवा. गडावर रामाचं मंदिर आहे, वाटेत वाकाटकांच्या काळातली नरसिंह मंदिरं आहेत. बहुतेक लोक ती न बघताच वर धावतात. माझ्या मते गडावरची खरी चीज तीच. माकडांपुढे पिशवी उघडू नका, विशेषतः प्रसादाची.

किंवा सेवाग्राम. वर्ध्यापर्यंत गाडी, सव्वा-दीड तास. 1936पासून गांधीजी जिथे राहिले ती बापू कुटी, मग जवळच पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम. पण रामटेक आणि सेवाग्राम एकाच दिवशी जमवण्याचा हट्ट करू नका. एक ईशान्येला, दुसरं नैर्ऋत्येला. गाडी भाड्याने घेऊन हे केलेली मंडळी मी पाहिली आहेत. दिवसभर डांबर बघून आली.

सावजी रात्री, गाडी पहाटे

सावजीचं तिखट पोटाला लगेच कळत नाही, दुसऱ्या दिवशी कळतं. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून आलेलं हे जेवण खायचंच, पण दुपारी खा, आणि "तर्री कमी" असं आधीच सांगा. मांसाहार नसेल तर पाटोडी रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा, मागा. चकाचक फलक बघून शिरू नका. जुन्या वस्तीतलं साधं भोजनालय बरं आणि स्वस्तही. सकाळी तर्री पोहे, संध्याकाळी सांबारवडी. तिला पुडाची वडी म्हणा, पण इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. दक्षिणेच्या सांबाराची वाट बघत बसू नका.

संत्री मे महिन्यात शोधू नका. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन किलोसाठी कळमन्याच्या घाऊक बाजारात जायची गरज नाही, स्टेशनजवळच्या संत्रा मार्केटमध्ये काम होतं. संत्रा बर्फी शेवटच्या दिवशीच घ्या आणि किती दिवस टिकेल ते दुकानदाराला विचारा. शनिवारी घेतलेला डबा बॅगेत फिरवून घरी नेला की वास येतो.

आणि रविवारी निघताना तिकिटावर स्टेशनचं नाव पुन्हा वाचा. गाडी अजनीहून असेल तर नागपूर स्टेशनच्या फलाटावर कितीही वेळ उभं राहिलात तरी ती यायची नाही. अंतर तीनेक किलोमीटरचंच आहे, पण गाडी सुटायला वीस मिनिटं उरली असताना ऑटोवाला जो भाव सांगेल तोच द्यावा लागतो.