चर्चमध्ये मदतीचा ग्रुप सुरू करायचाय? पाकिटं वाटण्याआधी हे वाचा

नाताळच्या आठवड्यात रेशनची पाकिटं वाटायला माणसं ढिगाने मिळतात हो, पण फेब्रुवारीत त्याच घरी परत कोण जाणार हा खरा प्रश्न असतो. मी वसईकडची. आमच्याकडे बऱ्याच धर्मग्रामांत (म्हणजे पॅरिशमध्ये) सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी आहे, गरिबांच्या घरी जाऊन मदत करणारी कॅथलिक संस्था, त्यात मी बरीच वर्षं काम करतेय आणि दुसऱ्या धर्मग्रामातले लोक भेटले की हमखास विचारतात की आमच्याकडे कसं सुरू करायचं, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. प्रोटेस्टंट मंडळीतले असाल तर फादरच्या जागी पाळकसाहेब वाचा, काम तेच आहे.

आधी माणसं. व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकून पन्नास जण गोळा करू नका, सहा-आठ जण पुरे, पण ते दर आठवड्याला येणारे हवेत. त्यात निदान दोन बायका, एक जण हिशोबाचा पक्का आणि एक जण सरकारी ऑफिसात खेटे घालायला न कंटाळणारा (रिटायर्ड माणूस बेस्ट, वेळ पण असतो आणि क्लार्कशी गोड बोलायची सवय पण). फादर आणि पालकीय परिषदेला (पॅरिश कौन्सिलला) सुरुवातीलाच सांगा, आणि महिला मंडळ किंवा युवक संघटना आधीच काही करतायत का तेही बघा, नाहीतर एकाच घरी तीन ग्रुपचे तांदूळ पोचतात आणि शेजारच्या घरी काहीच नाही. ही भानगड आजची नाही बरं का, प्रेषितांची कृत्ये सहावा अध्याय काढून बघा, रोजच्या वाटपात आपल्या विधवा वगळल्या जातात म्हणून तिथे पण कुरकुर झाली होती आणि मग त्या कामासाठी खास सात माणसं नेमावी लागली.

आता गरजू शोधायचे कसे. चर्चच्या दाराशी येऊन मागणारा माणूस दिसतो, पण सगळ्यात जास्त अडचणीत असलेलं घर सहसा दाराशी येत नाही, लाज वाटते, त्यातून आपल्याच समाजातलं असेल तर अजून. म्हणून आशा ताई, अंगणवाडी सेविका, शाळेच्या बाई, रेशन दुकानदार, मेडिकलवाला यांच्याशी ओळख ठेवा. कुठली आजी अर्धीच पट्टी गोळ्या मागते हे मेडिकलवाल्याला बरोबर माहीत असतं. चर्चच्या वाडीबाहेर पण बघा, आमच्या तालुक्यात आदिवासी पाडे आहेत, वीटभट्ट्यांवर सीझनला येणारी कुटुंबं आहेत, नालासोपाऱ्याच्या चाळीत एका खोलीत भाड्याने राहणारे आहेत, आणि मदत काही बाप्तिस्म्याचा दाखला बघून द्यायची नसते.

इथेच एक गोष्ट ठासून सांगते. ख्रिस्ती नसलेल्या घरी जाताना पत्रकं, बायबल, क्रूस वगैरे काहीही नेऊ नका, प्रार्थना करू का असंही विचारू नका. एक तर सध्याचं वातावरण तुम्हाला माहीत आहे, कोणीतरी व्हिडिओ काढायला टपलेलंच असतं. पण खरं कारण ते नाही. ज्याच्या घरात डाळ नाही तो तुम्हाला नाही म्हणूच शकत नाही, मग त्याच्या होकाराला काय अर्थ? त्याने आपणहून प्रार्थना करा म्हटलं तर गोष्ट वेगळी.

घरी जाणं

सगळ्या कामाचा पाया हाच आहे. 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू केली तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा कॉलेजचा पोरगा होता, आणि या पोरांना गरिबांच्या घरी जायचं कसं, बोलायचं कसं हे शिकवलं सिस्टर रोझाली रेंदू यांनी, ज्या त्या वस्तीत आधीपासून काम करत होत्या. म्हणजे तिथेही आधी जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकले, मग बाकीचं. तेव्हापासूनची पद्धत आजपण तीच, दोघांनी मिळून जायचं आणि त्याच घरी परत परत जायचं. एकट्याने कधीच नाही, आणि घरात बाई एकटी असेल तर जोडीत एक बाई पाहिजेच.

गेलात की बसा. उंबऱ्यात उभं राहून पिशवी देऊन निघू नका. पाणी दिलं, चहा दिला तर घ्या, साखर नाही टाकली तरी गोड मानून घ्या, कारण त्या चहानेच समोरच्याला वाटतं की आपण पण काही दिलं. फॉर्म काढून प्रश्न विचारत बसायचं नाही, मोबाइल खिशात, लिहायचं ते बाहेर आल्यावर. आणि डोळे उघडे ठेवा. एका मावशींना विचारलं, "बीपीची गोळी रोज घेता ना?" तर "घेते ना बाय" म्हणाल्या, पण डब्यातली पट्टी बघितली तर महिन्याच्या शेवटी पण निम्म्या गोळ्या शिल्लक, प्रत्येक गोळीचा अर्धा तुकडा करून ठेवलेला. त्यांनी मागितलं काय होतं? नातवाचं दप्तर. दप्तर दिलंच, पण खरं काम त्या डब्यात होतं. जवळच्या सरकारी दवाखान्यात नाव नोंदवून दिलं, गोळ्या तिथून फुकट सुरू झाल्या.

रेशनचं किट बनवताना पण विचारून बनवा. आमच्याकडे भाताशिवाय चालत नाही, यूपी-बिहारच्या घरात आटा लागतो, शुगरवाल्या आजोबांना पाच किलो तांदूळ देऊन उपयोग नाही, आणि सिलेंडर संपलेल्या घरी राजमा-छोले दिले तर ते शिजवायचे कशावर? बऱ्याचदा सिलेंडरचेच पैसे दिलेले बरे पडतात.

कपड्यांबद्दल थोडक्यात, कपडे गोळा करा असं जाहीर केलं की लोक माळा साफ करतात. धुतलेले, बटणं असलेले, तुम्ही स्वतः घालाल असेच घ्या, आतले कपडे नवीनच, आणि सॅनिटरी पॅड कुणी देत नाही म्हणून ते आपण विकत घ्या.

पैसे

आमच्या मीटिंगमध्ये शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जे जमेल ते टाकतो आणि कुणी किती टाकले कुणाला कळत नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये ते हेच, आणि फायदा असा की दहा रुपये टाकणारा पण पाच हजार टाकणाऱ्याइतकाच मीटिंगमध्ये बोलतो. खातं दोघांच्या सहीने चालणारं ठेवा. कॅशबुक ठेवा, दर मीटिंगला वाचून दाखवा. फी शाळेत भरायची, बिल हॉस्पिटलला किंवा मेडिकलला द्यायचं आणि पावती फाईलला, रोख हातात शक्यतो नाही, पण याला पण अपवाद असतात, रात्री साडेदहाला रिक्षाचं भाडं हवं असेल तेव्हा नियम सांगत बसू नका.

वसईत प्रत्येक दुसऱ्या घरातलं कोणी ना कोणी बाहेर आहे, त्यामुळे "मी तिकडून पैसे पाठवतो" हे हमखास येतं. इथे सांभाळा. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस गल्फमधून स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेतून पाठवत असेल तर ते परदेशी देणगीत मोडत नाहीत. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय, म्हणजे तुमचा कॅनडाचा सिटिझन झालेला चुलतभाऊ, त्याचे पैसे परदेशी देणगी ठरतात, आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी नसताना ग्रुपने ते घेतले तर सगळी संस्था गोत्यात येते. भाऊ आपला आहे हे कायद्याला कळत नाही. सीएला विचारूनच पुढे जा.

कागदपत्रं, म्हणजे खरी मदत

हे काम कोणालाच आवडत नाही, फोटो निघत नाहीत ना यात! पण एक किट पंधरा दिवस पुरतं, आणि एक पेन्शन सुरू झाली की घर वर्षानुवर्षं चालतं. पासष्टच्या आतल्या निराधार विधवा, दिव्यांग, गंभीर आजारी यांच्यासाठी संजय गांधी निराधार योजना आहे, पासष्टच्या पुढे श्रावणबाळ, दोन्हीत महिन्याला 1500 रुपये (दिव्यांगांना आता जास्त), पण उत्पन्नाची अट वर्षाला 21,000 (दिव्यांगांसाठी 50,000) इतकी कमी आहे की दाखल्यावरच गाडी अडते, म्हणून सेतू केंद्रात आणि तलाठ्याकडे आपला माणूस सोबत गेला पाहिजे. पुढे हयातीच्या दाखल्याची आठवण पण आपणच करायची, बंद पडलेल्या पेन्शनची निम्मी कारणं हीच, दाखला राहिला किंवा आधार बँकेला जोडलेलं नाही.

रेशन कार्डावर प्राधान्य गटाला माणशी पाच किलो आणि अंत्योदयला कार्डामागे 35 किलो धान्य जानेवारी 2023 पासून फुकट आहे, तरी म्हातारी माणसं रिकाम्या हाताने परततात कारण मशीनवर अंगठाच उठत नाही. अशा वेळी दुकानदाराशी भांडून काही होत नाही, पुरवठा निरीक्षकाकडे लेखी अर्ज द्या. आणि गाव सोडून आलेल्यांना सांगा की गावचं कार्ड इथल्या दुकानात पण चालतं, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

हॉस्पिटलचं बिल आलं की लगेच वर्गणी काढायला धावू नका. आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतंय का बघा. मग विचारा की हॉस्पिटल धर्मादाय आहे का, कारण नोंदणीकृत धर्मादाय हॉस्पिटलला 10 टक्के बेड निर्धनांना फुकट आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यावेच लागतात, वार्षिक उत्पन्न 1,80,000 पर्यंत असेल तर निर्धन आणि 3,60,000 पर्यंत दुर्बल. मोठमोठी नावं असलेली हॉस्पिटल्स पण यात येतात. काउंटरवर "बेड नाही" हे उत्तर तयारच असतं, एका नावाजलेल्या ठिकाणी आम्हाला तीनदा मिळालं, शेवटी धर्मादाय आयुक्त कार्यालयाचं नाव काढल्यावर बेड निघाला. हॉस्पिटलमधल्या समाजसेवकाला भेटा, डिस्चार्जच्या दिवशी नाही, अॅडमिट झाल्याच्या दिवशी.

लोकांच्या आधारच्या झेरॉक्स तुमच्याकडे जमतील, त्यांच्यावर कशासाठी दिली आणि तारीख आडवं लिहून सही घ्या, काम झालं की परत करा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाचं नाव, आजार, घरातली भांडणं टाकायची नाहीत. फोटो तर अजिबात नाही. देणगीदाराने मागितला तर पावती दाखवा. लहान मुलांचा अभ्यास घेत असाल तर दार उघडं आणि कायम दोन मोठी माणसं, आणि मारहाण किंवा छळाचा संशय आला तर घरात समजूत घालत बसू नका, 1098 ला फोन करा.

राहिला प्रश्न नाही म्हणण्याचा. तुमच्याकडे सगळ्यांना पुरेल इतकं कधीच नसणार, आणि काही जण तीन चर्चमधून घेऊन चौथ्याकडे येतात हे पण खरं. अशांना हाकलू नका, शेजारच्या धर्मग्रामाच्या ग्रुपला फोन लावा, कोण काय देतंय ते ठरवून घ्या. नवरा दारू पितो म्हणून घर वगळा असं मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणणारच, तेव्हा तेल-डाळ बायकोच्या हातात द्या, पोरांची फी थेट भरा, आणि नवऱ्यासाठी एए (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडायला एकमेकांना मदत करणाऱ्यांचा गट) च्या मीटिंगला घेऊन जाणारा माणूस शोधा, बऱ्याच चर्चच्या हॉलमध्ये त्या मीटिंग होतात. दर सहा महिन्यांनी यादी काढून बसा, मुलगा कामाला लागला असेल तर किट बंद करायचं आधी दोन महिने सांगून ठेवा. किट बंद झालं तरी जोडीने महिन्यातून एकदा चक्कर मारायचीच.