म्हावशी कशी घडवावी: लळा लावणारा समुद्री जीव रचण्याची कृती

गेल्या मे महिन्यात आमच्याकडे एक दुपारभर वीज नव्हती. पुण्याहून आलेली नात आणि तिचा धाकटा भाऊ, दोघांचेही टॅब आडवे झालेले. नातीने माझी एक जुनी कोरी वही काढली आणि लिहायला बसली: ‘एक समुद्री प्राणी असतो. तो खूप प्रेमळ असतो. तो माणसांवर खूप प्रेम करतो.’ मी पहिलं वाक्य ठेवून पुढची दोन खोडली. एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या हाताला राहवत नाही. ती रुसली. पन्ह्याच्या बोलीवर परत आली आणि चार दिवसांत आम्ही तिघांनी मिळून जो जीव घडवला, त्याचं नाव म्हावशी.

तुमच्या घरी सुट्टीत मुलं असतील, किंवा तुम्हालाच एखाद्या गोष्टीसाठी असा जीव हवा असेल, तर आम्ही गेलो त्या वाटेने जाऊन बघा. माझी अट एकच: प्रेम सगळ्यात शेवटी. शाळेत असताना हाच गृहपाठ मी एकदा नववीला दिला होता. अडतीस वह्या आल्या. सगळे प्राणी चमकत होते, गात होते, आणि निम्म्याहून जास्त नुसत्या स्पर्शाने आजार बरे करत होते. जेवत मात्र एकही नव्हता. आजार बरे करणारा तो प्राणी नव्हे, दवाखाना झाला.

तेव्हा आधी पाणी निवडा. ‘समुद्र’ म्हणून चालणार नाही, कुठलं पाणी ते सांगा. आम्ही सिंधुदुर्गातल्या आमच्या देवबागचं घेतलं, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. पावसाळ्यात नदी फुगली की त्या मुखाशी पाणी पार अळणी होऊन जातं. म्हणजे तुमचा जीव एकतर अळणी पाणी सोसणारा हवा, नाहीतर जूनमध्ये तिथून निघून जाणारा. आम्ही दुसरा पर्याय घेतला आणि गोष्टीला आपोआप विरह मिळाला. आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. माणसं किनाऱ्यावर, म्हावशी खोल पाण्यात. हे आम्ही ठरवलं नाही, मिठाने ठरवलं.

मग पोट. नातीला गवत खाणारा गरीब प्राणी हवा होता, म्हणजे डुगाँगसारखा. डुगाँग हा सस्तन प्राणी समुद्रातल्या गवताच्या कुरणांवर जगतो आणि भारतात कच्छचं आखात, मन्नारचं आखात, पाल्कचा उपसागर आणि अंदमान-निकोबार इथे आढळतो. आपल्या किनाऱ्यावर तशी विस्तीर्ण कुरणं नाहीत. मी म्हटलं, ‘बाई गं, तुझी म्हावशी इथे उपाशी मरेल.’ दोन तास खल झाला. शेवटी धाकट्याने विचारलं की आपल्या इथे फुकट वाढतं असं काय आहे? या प्रश्नावर मी त्याला शंभरपैकी शंभर दिले असते.

फुकट वाढतात ते होड्यांच्या तळाला चिकटणारे बार्नेकल. हा शंखशिंपल्यातला वाटतो, पण नातं त्याचं कुर्ल्या-कोळंबीशी. पिल्लूपणी पोहत येतो, डोकं कशाला तरी चिकटवतो, भोवती चुन्याचं घर बांधतो आणि उरलेला जन्म डोक्यावर उभा राहून पायांनी जेवतो. होडीच्या तळाला असे हजारो बसले की होडी जड चालते, डिझेल जास्त जळतं, मग ती ओढून खरवडावी लागते. म्हावशीला आम्ही हे जेवण दिलं. खरबरीत जीभ, पुढे आलेला जाड ओठ, आणि होडीच्या पोटाखाली पाठीवर उताणं पोहण्याची सवय.

इथेच सगळं जुळलं. म्हावशी माणसाकडे येते ती जेवायला. माणूस तिला येऊ देतो, कारण त्याचं खरवडणं वाचतं. लळा नंतरचा. तुमच्या जिवाला माणसापाशी आणणारं असं रोकडं कारण जोवर सापडत नाही, तोवर पुढे जाऊ नका. हे माझ्या मनाचं नाही. ब्राझीलच्या लगुना गावात डॉल्फिन मासळीचा थवा किनाऱ्याकडे हाकत आणतात आणि विशिष्ट तऱ्हेने बुडी मारतात किंवा शेपूट आपटतात. कमरेएवढ्या पाण्यात उभे असलेले मच्छीमार त्या खुणेवर पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, फेकतात. थवा फुटतो, दोघांचं पोट भरतं. पिल्लू आईकडून शिकतं, मुलगा बापाकडून. ब्रह्मदेशात इरावती नदीवरही डॉल्फिन आणि पागवाले अशीच मासेमारी करत आले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या ईडन बंदरात तर किलर व्हेल देवमाशांना हाकत आणायचे, शिकाऱ्यांना वर्दी द्यायचे आणि मोबदल्यात देवमाशाची जीभ आणि ओठ घ्यायचे. त्यांच्यातला ‘ओल्ड टॉम’ 1930 मध्ये मेला, त्याचा सांगाडा तिथल्या संग्रहालयात उभा आहे. नातीला हा व्यवहार क्रूर वाटला. मलाही वाटतो. पण दोस्ती होती, आणि ती जेवणावर होती.

आयुष्य किती द्यायचं, हा प्रश्न लोक विसरतात. नातीने आधी ऑक्टोपस धरला होता, कारण तो हुशार. हुशार आहेच. तीन हृदयं, निळं रक्त, निम्म्याहून जास्त मज्जापेशी हातांत, आणि मत्स्यालयातली माणसंसुद्धा तो वेगवेगळी ओळखतो. पण सामान्य ऑक्टोपस दीड-दोन वर्षंच जगतो आणि मादी अंडी राखता राखता उपाशी मरते. ओळख होतेय तोवर तेरावं. बरं, कासव घ्यावं तर ते दीर्घायुषी, पण ऑलिव्ह रिडले मादी वाळूत शंभरावर अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. रत्नागिरीतल्या वेळासला लोक पहाटे उठून घरटी शोधतात, जाळी लावून पंचेचाळीस ते साठ दिवस राखण करतात, पिल्लं समुद्रात जाताना डोळे पुसतात. कासवाला याचा पत्ताही नसतो. एकतर्फी प्रेमाची गोष्ट हवी असेल तर कासव घ्या, उत्तम होईल.

आम्हाला दोन्हीकडून हवं होतं. म्हणून म्हावशी सस्तन केली. हवेत श्वास घ्यायला तिला वर यावंच लागतं आणि भेट तिथेच होते. डुगाँग सत्तर वर्षांपर्यंत जगू शकतो आणि मादीला काही वर्षांतून एकदा एकच पिल्लू होतं. त्यावरून म्हावशीला साठ वर्षं दिली, चार वर्षांतून एक पिल्लू, आणि ते दोन वर्षं आईच्या कुशीला. त्या दोन वर्षांत आई त्याला होड्या शिकवते. कुठली आपली, कुठल्या होडीचा पंखा अचानक फिरतो, कुठल्या तळाला विषारी रंग आहे.

रंगरूपावर फार वेळ घालवू नका, मुलं नाहीतरी तेच करतात. धाकट्याला लालभडक म्हावशी हवी होती. पाण्यात लाल प्रकाश सगळ्यात आधी विरतो, त्यामुळे खाली गेलं की लाल वस्तू काळपट दिसते. त्याने लगेच हिशोब केला: वर आली की लाल, खाली गेली की गायब. ठेवली लाल.

ओळखीची खूण मात्र नीट बसवा, जीव तिथे आहे. आमच्या खाडीचं पाणी गढूळ, डोळ्यांचा उपयोग बेताचा. आवाज मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. डॉल्फिनमध्ये प्रत्येकाची स्वतःची अशी शीळ असते, जवळजवळ नावच, आणि वीस वर्षांपूर्वीच्या सोबत्याची शीळही त्यांना ओळखता आल्याचं दिसलं आहे. म्हावशीसाठी आम्ही ठोका ठरवला. प्रत्येक माणूस होडीच्या फळीवर आपल्या पद्धतीने ठोकतो. नातीचे दोन जलद आणि एक लांब. धाकट्याचे तीन, शेवटचा हळू. माझा एकच. खडू फळ्यावर आपटल्यासारखा असतो म्हणे.

आता नकार. हे कलम मी हट्टाने घातलं. आपल्या जिवाला ‘आज नको’ म्हणता आलंच पाहिजे. मुलांना वाटत होतं की म्हावशीला कधीही कुरवाळावं, ती खूशच असणार. आमची मांजर शेजारी झोपली होती. मी धाकट्याला म्हटलं, जा, तिला आत्ता कुरवाळ. ओरखडा दाखवायला तो परत आला, तेव्हा नियम लिहून झाला होता: म्हावशीने पाठ फिरवून नाकातून पाणी उडवलं की हात मागे. दोनदा उडवलं की होडी मागे.

सगळं झाल्यावर तुमचा जीव अशा माणसाला दाखवा ज्याचं त्याने नुकसान होऊ शकतं. वाचकाला नंतर, आधी त्याला. आम्ही वही शेजारच्या भाऊंकडे नेली. ते गाबीत, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातले. पन्नास वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, बार्नेकलवर मान डोलावली आणि म्हणाले, “बाई, सगळा बरा. पण ह्या जनावर माझ्या जाळ्यात गावला तर काय करूचा? जाळ्याचे पैसे कोण देतलो?”

मुलं गप्प. खरा प्रश्न हाच असतो. मग मी त्यांना गुजरातची गोष्ट सांगितली. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची शिकार व्हायची, तिला तरंगवायला पिंपं बांधायचे म्हणून नावच पडलं ‘बॅरल’. 2001 मध्ये कायद्याने संरक्षण मिळालं, पण फरक पडला तो 2004 नंतर, रामकथाकार मोरारीबापूंनी तिला ‘व्हाली’ म्हटल्यावर. व्हाली म्हणजे लाडकी, माहेरी बाळंतपणाला आलेली लेक. मच्छीमार जाळी कापून तिला सोडायला लागले आणि फाटलेल्या जाळ्याची भरपाईही मिळू लागली. महाराष्ट्रातही डिसेंबर 2018 पासून संरक्षित जीव सोडवताना जाळं कापलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई आहे. भाऊंनी विचार केला. “मगे कापूया,” म्हणाले. नातीने वहीत एक पान वाढवलं: जाळ्याचा खर्च.

नाव या पानानंतर ठेवलं, आणि तुम्हीही तेव्हाच ठेवा. नातीचं पहिलं नाव ‘ब्लूपी’ होतं. लाल प्राण्याला. व्हालीची गोष्ट ऐकल्यावर तीच म्हणाली की नात्याचं काहीतरी हवं. म्हावरं म्हणजे मासळी. म्हावरं अधिक मावशी, म्हावशी. धाकटा तासभर हसत होता.

उरली भेटीची वेळ. ‘कधीतरी येते’ असं लिहू नका. आमच्याकडची जुनी माणसं तिथीवरून भरती काढतात: तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी, आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. मुंबईकडे हा हिशोब बराच जुळतो, आमच्याकडे भरती थोडी आधी येते. म्हावशी भरतीबरोबर खाडीत शिरते आणि ओहोटी लागली की निघते, एवढं ठरवल्यावर मुलं रोज कालनिर्णय बघायला लागली. पाऊणकीचा पाढा मी वर्गात घोकून घेतला तेव्हा कोणाला आला नव्हता. यांना दोन दिवसांत आला.

जूनमध्ये मुलं पुण्याला गेली, म्हावशी खोल पाण्यात गेली. नारळी पौर्णिमेनंतर सहाव्या दिवशी दुपारी धाकट्याचा फोन.

“आजी, आज षष्ठी. म्हणजे साडेचार ना?”

“आपल्याकडे थोडं आधी.”

“मग तू चारच्या आधी धक्क्यावर जा. माझे ठोके दे. तीन. शेवटचा हळू दे हं, तू जोरात देतेस.”