भजी तळताना या चुका टाळा

कांदाभजी, बटाटाभजी म्हटलं की बोलणं थेट कॅलरींवर जातं. गॅसशेजारी झाकून ठेवलेल्या तळणाच्या तेलाकडे मात्र कुणी बघत नाही. संकष्टीला मोदक तळले, त्याच तेलात रविवारी भजी, मग पुऱ्या. कमी पडलं की वरून ताजं ओतायचं. ही सगळ्यात मोठी चूक. वारंवार तापून तेल मोडतं. त्यातली पोलर संयुगं (तेल मोडून तयार होणारे घटक) 25 टक्क्यांवर गेली की ते वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. घरी हे मोजता येत नाही. पण तेल काळपट-चिकट झालं, फेस बसेना, लवकर धुरायला लागलं, की त्याचं काम संपलं. ताजं मिसळून ते सुधारत नाही. एकदा तळलं की गाळून ठेवा आणि दोन दिवसांत फोडणीला संपवा.

दुसरी चूक बटाटे फ्रिजमध्ये ठेवण्याची. गारठ्यात बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. असे काप तेलात झटकन लाल होतात आणि आपण रंगावर खूश! 120 अंशांपुढे ही साखर आणि बटाट्यातलंच अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल मिळून अ‍ॅक्रिलामाइड नावाचं घातक रसायन तयार होतं. खाण्याच्या पदार्थांत ते तयार होतं, हे स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी 2002 मध्ये जाहीर केलं. प्राण्यांमध्ये त्याने कर्करोग होतो. माणसांबाबतचा पुरावा तितका ठाम नाही, त्यामुळे भजी सोडायला नकोत. बटाटे टोपलीत, अंधारात ठेवा. काप अर्धा तास पाण्यात घालून कोरडे पुसा आणि सोनेरी झाले की काढा. हिरवट बटाटा मात्र सरळ टाकून द्या, त्यातलं सोलॅनिन हे विष तळून जात नाही.

भजी तेल पितात? बहुतेकदा सोडा जास्त पडलेला असतो, नाहीतर तेल पुरेसं तापलेलं नसतं. पिठाचा थेंब टाकल्यावर लगेच वर आला पाहिजे. आणि काढलेली भजी वर्तमानपत्रावर टाकू नका, शाई तेलात उतरते. जाळीची चाळणी बरी.

कांद्याने पोट फुगतं ते त्यातल्या फ्रुक्टन या न पचणाऱ्या कर्बोदकामुळे, ते तळूनही राहतं. त्यात तळणामुळे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. आंबट ढेकर येणाऱ्यांनी म्हणूनच भजी चार वाजताच्या चहाबरोबर खावीत, रात्री झोपायच्या तोंडावर नकोत.