पश्चिमेच्या भिंतीवर कौलं टांगताना

बडोद्यात ओलीची तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी पश्चिमेची भिंत बघते. पावसाची झोड नैर्ऋत्येकडून येते आणि मे महिन्यात दुपारभर ऊनही तिथेच तापतं. गिलाव्याला बारीक तडे जातात, पाणी आत मुरतं आणि रंगाचे पोपडे सुटतात. दांडिया बाजार असो की मांजलपूर, माझं सांगणं एकच: दर दोन-तीन वर्षांनी रंग काढत बसू नका, त्या एका भिंतीवर चपटी मातीची कौलं टांगा. इंग्लंडच्या केंट-ससेक्स भागातल्या घरांवर ही पद्धत शतकानुशतकं टिकली आहे.

कडियाला, म्हणजे गवंड्याला, कामाआधीच पटवून द्या की कौलामागे माल भरायचा नाही. त्याचा हात सवयीने थापीकडे जातो, पण इथे मागची पोकळीच भिंत वाचवते. वाऱ्याने आत शिरलेलं थोडं पाणी त्या पोकळीतून खाली निथळतं. उन्हाने तापलेली हवाही वर निघून जाते, म्हणून आतली खोली तापायला वेळ लागतो. माल भरलात की दोन्ही फायदे गेले.

काम दिवाळीनंतर काढा, भिंत तोवर सुकलेली असते. सुटलेला गिलावा पाडून भोकं बुजवा आणि ओळंबा लावून भिंतीचा बाक बघून घ्या. आधी उभ्या रिपा, त्यांच्यावर आडव्या. लाकूड वाळवीची प्रक्रिया केलेलंच घ्या. रिपा भिंतीत प्लग घालून स्टेनलेसच्या स्क्रूने आवळा. कौल साधारण सव्वा किलोचं धरलं तर चौरस मीटरला 60 किलोंच्या वर वजन येतं. पोकळ विटांची किंवा भुसभुशीत जुनी भिंत असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आडव्या रिपांमधलं अंतर नीट काढा. कौलाच्या लांबीतून किमान 35 मिलिमीटर झाक, म्हणजे दोन ओळी खालच्या कौलावर चढणारा भाग, वजा करा आणि उरलेल्याचे दोन भाग करा. 265 मिलिमीटरचं कौल असेल तर अंतर जास्तीत जास्त 115. मी 114 धरते. याचा अर्थ भिंतीवर कुठेही बोट ठेवलं तरी त्याखाली किमान दोन कौलं असतात. 165 रुंदीची कौलं चौरस मीटरला 53 लागतात, फुटतूट वेगळी धरा. मोजपट्टी हातात असली तरी प्रत्येक ओळीला सूत मारा. पहिली ओळ तिरकी गेली तर ती वरपर्यंत तिरकीच जाते.

सगळ्यात खाली जरा जाड रीप ठोका. तिने पहिली ओळ थोडी बाहेर झुकते आणि पाणी भिंतीपासून लांब पडतं. पहिल्या ओळीखाली आखूड कौलांची एक ओळ हवी. वरच्या ओळीचं कौल खालच्या दोघांच्या सांध्यावर मधोमध यायला हवं. त्यासाठी कडेला एकाआड एक ओळीत दीडपट रुंदीचं कौल बसवा. अर्धं कापलेलं कौल एका खिळ्यावर लटकतं, ते नको. छपरावर काही कौलं नुसती अडकवून चालतात, उभ्या भिंतीवर प्रत्येकाला दोन खिळे, आणि तेही तांब्याचे किंवा स्टेनलेसचे. साधे लोखंडी गंजले की धोका खाली चालणाऱ्याला आहे.

खिडकीभोवती घाई करू नका. चौकटीच्या दोन्ही बाजूंना दुमडलेला पत्रा कौलामागे जायला हवा, पण खिडकीखालचा पत्रा कौलांच्या वरून उतरला पाहिजे. पोकळीचं खालचं आणि वरचं तोंड मोकळं ठेवून बारीक जाळी लावा, नाहीतर पाली आणि गांधीलमाशा घर करतात. वर कठड्याला भक्कम दगडी पाट द्या, उत्तरायणात पतंगामागे धावणारी पोरं तिथेच पाय देतात. जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंत मात्र गिलावाच राहू द्या. तिथे स्कूटरचं हँडल किंवा क्रिकेटचा चेंडू लागला की कौल गेलंच.

फुटलेलं कौल बदलता येतं. वरची दोन कौलं लाकडी पाचरीने हलकेच उचलायची, पातळ पात्याने खिळे कापायचे आणि नवं कौल तांब्याच्या पट्टीने अडकवायचं. त्यासाठी त्याच भट्टीची पंचवीस-तीस कौलं जिन्याखाली ठेवा, पुढच्या खेपेचा रंग जुळेलच असं नाही.