ऑफिसच्या इमारतीत सर्व्हिस अपार्टमेंट घेताय? या चुका टाळा

मे महिन्यात भाचीच्या लग्नाला पुण्याची मंडळी येणार म्हणून आम्ही इंदूरला विजयनगरमध्ये एक उंची सर्व्हिस अपार्टमेंट, म्हणजे स्वयंपाकघरासकट थोड्या दिवसांसाठी मिळणारं घर, भाड्याने घेतलं. पूर्वी तिथे ऑफिसं होती. जागा देखणी होती, पण मुळात ती संध्याकाळी सातला घरी जाणाऱ्या माणसांसाठी बांधलेली, हे आम्ही लक्षातच घेतलं नव्हतं.

पहिली चूक, फोटोतल्या पडद्यावर विश्वास ठेवणं. ऑफिसचे मजले खोल असतात, त्यामुळे आतल्या खोल्यांना कधीकधी खिडकीच नसते. असली तरी काच पक्की बसवलेली. पडद्यामागे काय आहे आणि ते उघडतं का, हे फोनवरच स्पष्ट विचारा.

आमची खिडकी उघडत नव्हती, म्हणूनच सकाळी सहाला घोटाळा झाला. आत्याने पोह्यांसाठी मोहरी तडतडवली, कढीपत्ता टाकला आणि छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागला. आत्या हातात झारा घेऊन तशीच उभी! तेव्हा फोडणीआधी चिमणी लावा, तेल धुरावू देऊ नका, कढीपत्ता आच बंद करून टाका आणि लगेच झाकण ठेवा. अलार्मवर पिशवी बांधायचा विचारसुद्धा करू नका, खरी आग लागली तर तोच जागं करतो.

शेगडी बहुतेकदा इंडक्शनची असते. आत्याची ॲल्युमिनियमची कढई त्यावर तापलीच नाही. घरून भांडं नेणार असाल तर बुडाला चुंबक लावून बघा. घट्ट चिकटलं आणि बूड सपाट असलं तर चालेल.

बाथरूमकडे मात्र नीट लक्ष द्या. ऑफिसात संडास एकाच कोपऱ्यात असतात. नवे पाइप तिथवर न्यायचे तर बऱ्याचदा बाथरूमची जमीन उचलावी लागते, म्हणून दारात पायरी येते. आत्याचे गुडघे दुखतात, रात्री उठली की प्रत्येक वेळी मला सोबत जावं लागलं. ज्येष्ठ मंडळी असतील तर हे आधी विचारा. जाळीतून वास आला तर फिनेल ओतत बसू नका. खोली बरेच दिवस बंद असली की जाळीखालच्या पाइपच्या वळणातलं पाणी आटतं आणि गटाराची हवा वर येते. दोन तांबे पाणी ओतलं की वास थांबतो.

आणि सराफ्याला, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाण्याआधी रात्रीचा दरवाजा कुठला ते विचारून घ्या. आम्ही जिलबी खाऊन एक वाजता परतलो तर पुढचं दार बंद. रस्ता तळघरातल्या पार्किंगमधून होता आणि लिफ्टचं कार्ड वर खोलीत राहिलं होतं.