गोकाकच्या धबधब्याला फॅमिली घेऊन जाताय? या चुका टाळा

दर पावसाळ्यात आमच्याकडे पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता कुणीतरी म्हणतंच, चला की आज गोकाक फॉल्सला जाऊन येऊया. बेळगावहून साठेक किलोमीटर, मी कधी नाही म्हणत नाही. खरं तिथे दर वेळी त्याच त्याच चुका बघून जीव जळतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वर आभाळ बघून पाण्याचा अंदाज करणं. गोकाकला ऊन असतं, जमीन कोरडी असते, आणि लोकांना वाटतं आज काही भीती नाही. अहो, गोकाकचा पाऊस मुळात कमीच, तो सगळा भाग घाटाच्या पलीकडचा, कोरडा. धबधब्यात पडतं ते पाणी तिथल्या पावसाचं नसतंच, हा धबधबा घटप्रभा नदीचा, ती येते सह्याद्रीतून, हिरण्यकेशी आंबोलीत उगम पावून तिला मिळते, आणि मध्ये हिडकलचं 51 टीएमसीचं (म्हणजे 51 अब्ज घनफूट पाण्याचं) धरण आहे. म्हणजे आंबोलीत रात्रभर कोसळला किंवा हिडकलचे गेट उघडले की इथे लख्ख उन्हात पाणी चढतं. 2019 च्या ऑगस्टात याच घटप्रभेने गोकाक शहरात घराघरात पाणी घातलं होतं, ते आमच्याकडचे लोक विसरलेले नाहीत.

आमच्या घरची गोष्ट सांगते. माझी नणंद, भाऊजी आणि त्यांची दोन पोरं पुण्याहून आली होती, जुलैचा महिना, पाणी बेताचंच होतं, धबधब्याच्या वरच्या अंगाला कातळाचं मोठं पठार उघडं पडलेलं. भाऊजी पोरांना घेऊन त्या कातळावर आत गेले, तिथे डबक्यात पोरं पाय बुडवून खेळत होती. मी म्हटलं, भाऊजी, नका जाऊ एवढं आत. ते म्हणाले, वहिनी, घोट्याएवढं पण पाणी नाही, पाच मिनिटांत फोटो काढून येतो. सासूबाई आणि मी अलीकडे उभ्या. तेवढ्यात कणसं भाजणारा एक म्हातारा उठून ओरडायला लागला, "हिंद बर्री! नीर बंतु!" म्हणजे मागे या, पाणी आलं. भाऊजींना कन्नड येत नाही, त्यांना वाटलं कुणी गिऱ्हाइकाला बोलावतोय, त्यांनी हात हलवला. मी बघितलं तर मघाचं नितळ पाणी तांबूस झालेलं, आणि आमच्या त्यांच्या मधली घळ, जी कोरडी ओलांडून ते गेले होते, ती वाहायला लागलेली. माझ्या पोटात गोळाच आला. हे धावले, एक पोर यांच्या खांद्यावर, दुसरं भाऊजींच्या, जाताना घोट्याला नव्हतं ते पाणी येताना गुडघ्याला लागलं, भाऊजींची चप्पल गेली, मोबाईल गेला. थोड्या वेळाने मागे वळून बघितलं तर पोरं खेळत होती तो कातळ दिसत नव्हता. आणि तिथून कडा खाली पन्नासेक मीटर तुटलेला आहे. त्या म्हाताऱ्याच्या पाया पडले मी.

तेव्हापासून माझी सवय अशी, की आदल्या दिवशी धरणाजवळच्या हुक्केरीकडच्या नात्यातल्या कुणाला तरी फोन करून हिडकलचं विचारायचं, पेपरात धरणाची पातळी येते ती बघायची, आंबोलीच्या पावसाची बातमी बघायची. तिथे पोचल्यावर पहिल्यांदा चहावाल्याला किंवा कणीसवाल्याला विचारायचं, "नीर बिट्टारेन्री?" म्हणजे पाणी सोडलंय का. एवढं कन्नड पाहुण्यांनाही पाठ करून घेते आता. आणि काठावरचा एक दगड हेरून ठेवते, तो बुडाला की सगळ्यांना उठवते, डबा अर्धा राहिला तरी. पाण्याचा रंग बदलला तर दगडाचीही वाट बघायची नाही. कातळावर पोरं नेऊ नका, पाणी कमी असेल तेव्हा तर मुळीच नको, कारण माणूस आत जातो तो तेव्हाच.

दुसरी चूक, घाई. जूनचा पहिला पाऊस झाला की लोक गाड्या काढतात आणि "काही नाही बघण्यासारखं" म्हणून तोंड वाकडं करून परत येतात. तेव्हा पाणी धरणात साठत असतं हो! धरण भरत आलं, पाणी सोडायला लागले की मग ती घोड्याच्या नालेसारखी कड पूर्ण भरून तांबडं पाणी पडतं, तो आवाज लांबून येतो. जुलै संपत आला की साधारण ऑक्टोबरपर्यंत जा. धीर नसेल तर दुसरीकडे जा, खरं गोकाकला नावं ठेवू नका.

झुलता पूल बंद असेल तर बंद आहे, गेटवरून चढू नका. महालिंगेश्वराच्या देवळाकडून निवांत बघता येतं, म्हाताऱ्या माणसांना तेच बरं. कुरकुऱ्याची पाकिटं हातात घेऊन फिरू नका, माकडं पोरांच्या अंगावर येतात.

एकाच दिवसात जवळचा गोडचिनमलकीचा धबधबा पण करायचा असेल तर सकाळी लवकर निघा. तो मार्कंडेय नदीवरचा, आम्ही बेळगावकर राकसकोप धरणाचं पाणी पितो तीच नदी, दोन टप्प्यांत पडतो आणि मला स्वतःला गोकाकपेक्षा जास्त आवडतो. खरं तिथे जवळ जायला दगडांवरून चालावं लागतं, शेवाळ असतं, साडी आणि फॅन्सी सॅंडल घालून कशाला येता बायांनो! मी आधी तिथे जाते आणि दुपारनंतर गोकाकला येते, दमलेल्या माणसांनी शेवटी कातळ चढायचा नाही म्हणून.

करदंट, म्हणजे इथली डिंक-सुकामेव्याची मिठाई, गोकाक गावात घ्यायचं असेल तर जातानाच घ्या, येताना सगळे ओले असतात आणि कुणी गाडीतून उतरायला तयार होत नाही. पोरांचे कोरडे कपडे मात्र गाडीतच ठेवा, बरोबर नेलेत तर तुषारांनी तेही भिजतात.